नंबर जातो, बुबुळाची जाडीही जाते

यंत्रमागाच्या शेडमध्ये चष्मा घालून उभे राहणे म्हणजे काय, हे कबनूरमध्ये कुणाला समजावून सांगावे लागत नाही. घामाने चष्मा नाकावरून घसरतो, उडणारे तूस काचेवर बसते, ते शर्टाच्या टोकाने पुसता पुसता काचेवर ओरखडे येतात, आणि तार तुटली की वाकून बघताना तो नेमका खाली येतो. इचलकरंजीला खेटून असलेल्या या गावातील घरांमध्ये आता मुले पदवीपर्यंत शिकतात, मोबाइल पाहतात, स्पर्धा परीक्षांचे क्लास लावतात आणि लहान वयातच चष्म्याला लागतात. ‘एकदाचा नंबर घालवून टाकू’ ही इच्छा त्यामुळे नुसती हौस नाही. तिच्यामागे रोजचा त्रास आहे, पोटापाण्याचा प्रश्न आहे आणि लग्नाच्या बाजारातील अपमानही आहे. म्हणूनच या शस्त्रक्रियेच्या धोक्यांबद्दल बोलताना ती मागणारा माणूस अडाणी किंवा चैनी आहे, असे गृहीत धरून चालत नाही.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. खेडोपाडी डोळ्याच्या जवळजवळ प्रत्येक ऑपरेशनला ‘लेसर’च म्हणतात. आजोबांचा मोतीबिंदू काढला, तरी ‘लेसरने काढला’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात टाक्याविना होणारी मोतीबिंदूची नेहमीची शस्त्रक्रिया ध्वनिलहरींच्या साह्याने होते. मधुमेहाच्या रुग्णाच्या डोळ्यात आत जो लेसर मारतात, तो दृष्टिपटल वाचवण्यासाठी असतो. या दोन्ही ठिकाणी रोग आहे, आणि उपचार न केल्यास दृष्टी जाऊ शकते. चष्म्याचा नंबर घालवण्याचे लेसर या पंगतीत बसत नाही. येथे डोळा निरोगी असतो आणि चष्म्याने पूर्ण दिसत असते. ‘शेजारच्या आजोबांचे झाले, काही झाले नाही’ हा दाखला म्हणून येथे गैरलागू आहे. निरोगी डोळ्यावर केलेल्या शस्त्रक्रियेत धोका किती चालवून घ्यायचा, याचे माप आजारी डोळ्यापेक्षा कडक असले पाहिजे.

डोळ्याच्या समोरचा काचेसारखा पारदर्शक भाग म्हणजे पारपटल. बोलीत त्यालाही बुबुळच म्हणतात. डोळ्याची प्रकाश वळवण्याची जी एकूण ताकद असते, तिच्यातील सुमारे दोन तृतीयांश या पातळ भागाची असते. त्याचा बाक किंचित बदलला तरी नंबर बदलतो. सारी युक्ती एवढीच आहे. यासाठी वापरले जाणारे एक्सायमर लेसरचे अतिनील किरण भाजत नाहीत, ते पेशींचा थर अलगद उडवतात. हे पहिल्यांदा लक्षात आले ते अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत, १९८१ मध्ये. भारतात जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे दोन सहकारी तेथे काम करीत होते. सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर श्रीनिवासन यांनी किरण सोडले, तेव्हा आजूबाजूला न करपता स्वच्छ काप पडला. पुढे नेत्रतज्ज्ञांनी तेच तंत्र पारपटलावर आणले आणि दहा वर्षांच्या आत माणसांवर शस्त्रक्रिया सुरू झाल्या. यंत्राची अचूकता खरोखरच थक्क करणारी आहे. लेसरचा एक ठोका एका मायक्रॉनच्याही काही अंश इतकाच थर काढतो, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

पण काढलेला थर परत येत नाही, आणि सगळा हिशेब येथेच आहे. पारपटलाची मध्यभागी जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. नेहमीच्या लॅसिकमध्ये आधी सुमारे ११० मायक्रॉन जाडीची एक झडप कापून बाजूला उलटवतात आणि तिच्याखालचा भाग लेसरने घासतात. एका नंबरमागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन जातात. नंबर उणे ४ असेल तर ५० ते ६० मायक्रॉन. झडप धरून वजाबाकी केली, तर खाली पावणेचारशेच्या आसपास शिल्लक राहतात. झडप परत बसवली तरी तिचा भार पेलायला पूर्वीसारखा उपयोग होत नाही, म्हणून ती शिल्लक धरायची नसते. आता दुसरा डोळा घ्या. जाडी मुळातच ४८०, नंबर उणे ८. झडपेचे ११०, लेसरचे सुमारे ११०. उरले २६०. खाली किमान २५० मायक्रॉन उरलेच पाहिजेत, अशी जुनी मर्यादा आहे आणि सावध डॉक्टर ३०० च्या खाली जात नाहीत. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन तरुणांनी एकाच दवाखान्यात, एकाच यंत्रावर, एकाच डॉक्टरकडून करून घेतलेली शस्त्रक्रिया एकासाठी सोपी आणि दुसऱ्यासाठी न करण्याजोगी असू शकते. ‘मित्राने केले’ या पुराव्याला त्यामुळे काडीचीही किंमत उरत नाही.

मर्यादा ओलांडली तर काय होते? डोळ्याच्या आतला दाब सतत बाहेर ढकलत असतो. पातळ झालेले पारपटल काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी हळूहळू पुढे फुगू लागते. नंबर परत येतो, तोही वेडावाकडा, चष्म्याने न सुधारणारा. हे फुगणे थांबवण्यासाठी पारपटल कडक करण्याचा उपचार आहे, खास कॉन्टॅक्ट लेन्स आहेत; अगदीच बिघडले तर नेत्ररोपण. हा प्रकार विरळ आहे. हजारात काही, किंवा त्याहूनही कमी डोळ्यांत तो होतो. पण ज्यांना तो होतो, त्यांतील अनेकांच्या डोळ्यांत आधीपासूनच एक सुप्त दोष असतो. त्याचे नाव केराटोकोनस. यात पारपटल आपोआपच शंकूसारखे होत जाते. सुरुवातीला कळत नाही, फक्त नंबर वारंवार बदलतो, तिरका नंबर वाढतो. अशा डोळ्यावर लेसर म्हणजे भेगाळलेल्या भिंतीचा आतून आणखी एक थर खरवडणे.

हा दोष महाराष्ट्रात किती आढळतो, याचे उत्तर चिंता वाढवणारे आहे. नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये तिशीपुढच्या साडेचार हजारांहून अधिक लोकांचे डोळे तपासून केलेला एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पारपटलाचा बाक ठरावीक मापापेक्षा तीव्र असणे, हा निकष लावला असता शंभरात दोनांहून अधिक लोक त्यात आले; नेमका आकडा २.३ टक्के. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या एका जुन्या अभ्यासात हे प्रमाण लाखात ५५ च्या आसपास होते. दोन्ही अभ्यासांचे निकष वेगळे आहेत आणि विदर्भातल्या निकषात काही निर्दोष डोळेही धरले गेले असण्याची शक्यता आहे, त्यामुळे आकड्याला आकडा भिडवून चालणार नाही. मात्र पाश्चात्त्य देशांतील धोक्याची टक्केवारी जशीच्या तशी उचलून येथल्या रुग्णाला ऐकवणे किती कच्चे आहे, एवढे त्यातून नक्की दिसते. त्यात हा दोष डोळे चोळण्याच्या सवयीशी जोडलेला आहे. शेडमधल्या तुसाने, धुळीने, ॲलर्जीने ज्यांचे डोळे सतत खाजतात आणि जे मनगटाने ते चोळत राहतात, त्यांची संख्या यंत्रमागाच्या गावात थोडी नसते.

म्हणून तपासणीत कंजुसी नको. नुसता नंबर काढून आणि जाडी मोजून भागत नाही. पारपटलाच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही बाजूंचा नकाशा काढणारी तपासणी व्हायलाच हवी. अनेक ठिकाणी तिला यंत्राच्या नावावरून ‘पेंटाकॅम’ म्हणतात. त्याआधी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स किमान दोन आठवडे, कडक असतील तर त्याहून अधिक काळ बंद ठेवाव्या लागतात, कारण लेन्सच्या दाबाने नकाशाच चुकतो. अश्रू पुरेसे येतात का, अंधारात बाहुली किती मोठी होते, बाहुली मोठी करून पाहिल्यावर दृष्टिपटलाला कुठे छिद्र किंवा पातळ जागा आहे का, हेही पाहायचे असते. मोठा उणे नंबर असलेल्यांचे दृष्टिपटल सुटण्याचा धोका लेसरनंतरही तसाच राहतो, कारण लेसर डोळ्याचा पुढचा भाग बदलते, डोळ्याची लांबी नाही. चष्मा गेला म्हणून दरवर्षीची तपासणी बंद करणारे येथे फसतात.

आता दुसरी बाजू, कारण ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात लॅसिकनंतरचे सुमारे ६८ हजार डोळे मोजले गेले. त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक डोळ्यांना चष्म्याशिवाय ६/६ दिसत होते. चष्मा लावूनही तक्त्यावरच्या दोन किंवा अधिक ओळी कायमच्या गमावलेले डोळे एक टक्क्याहून कमी होते. ऐच्छिक शस्त्रक्रियांमध्ये इतके चांगले निकाल फार थोड्यांचे असतील.

पण तक्त्यावरची ओळ वाचता येणे आणि सुखाने दिसणे यांत फरक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्वतः पुढाकार घेऊन केलेल्या अभ्यासात रुग्णांनाच प्रश्न विचारले. शस्त्रक्रियेआधी दिव्यांभोवती वलये दिसणे, चकाकी, एकाची दोन चित्रे असा कोणताही त्रास नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी असा किमान एक त्रास असल्याचे सांगितले. डोळ्यांना कोरडेपणा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तो नव्याने जाणवू लागला. या त्रासामुळे रोजची कामे अवघड झाली, असे सांगणारे एक टक्क्याहून कमी होते आणि बहुतेक सगळे निकालावर समाधानी होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. जाहिरातीत मात्र त्यांपैकी एकच छापली जाते.

या वलयांचे आणि कोरडेपणाचे ओझे सगळ्यांवर सारखे पडत नाही. पुण्यातल्या वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्याला ते एका परीने जाणवते, तर रात्रपाळी संपवून दुचाकीवरून घरी निघालेल्या माणसाला दुसऱ्या परीने. गळीत हंगामात समोरून एकच दिवा लावलेला ट्रॅक्टर येतो, पुढे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असते. अशा रस्त्यावर प्रत्येक दिव्याभोवती फुटलेले तेजोवलय ही किरकोळ तक्रार नव्हे. कोरडेपणाचेही तसेच. झडप कापताना पारपटलातल्या बारीक नसा कापल्या जातात. त्या परत वाढायला महिने लागतात आणि तोवर डोळ्याला अश्रू कधी सोडायचे, याचा निरोप नीट मिळत नाही. बहुतेकांचे हे तीन ते सहा महिन्यांत सुधारते. काहींचे वर्षानुवर्षे रेंगाळते आणि फार थोड्यांना टोचणारी, जळजळणारी वेदना कायमची चिकटते. ज्याला दिवसाचे बारा तास तुसात उभे राहायचे आहे, त्याने हा मुद्दा जाहिरातीतल्या ‘दुसऱ्या दिवशी कामावर’ या ओळीशेजारी ठेवून पाहावा.

झडपेचा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो या परिसरात मुद्दाम विचारायला हवा. ती झडप पुन्हा पहिल्यासारखी जुळत नाही. कडेला धरते, मधे नुसती चिकटून राहते. जोराचा मार बसला तर अनेक वर्षांनीही ती सरकल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. साध्या मागावरून सुटलेला धोटा कुठेही लागू शकतो, हे मागावर काम करणाऱ्याला ठाऊक असते. कोल्हापूरच्या तालमीत लाल मातीत उतरणाऱ्या पोराच्या डोळ्यात बोट जाणे, कोपर लागणे हेही नवे नाही. अशांसाठी झडप न करता वरचा नाजूक थर काढून थेट पृष्ठभागावर लेसर देण्याची जुनी पद्धत, पीआरके, अधिक योग्य मानली जाते. ती जुनी म्हणून कमी दर्जाची नाही. मात्र तिच्यात तीन-चार दिवस चांगलेच दुखते, नजर स्थिर व्हायला काही आठवडे लागतात, मोठ्या नंबरात पारपटलावर धूसर डाग येऊ शकतो आणि काही महिने उन्हात गॉगल लावावा लागतो. सध्या गाजणाऱ्या ‘स्माइल’ पद्धतीत झडप नसते. दोन-चार मिलिमीटरच्या कापातून आतली पातळ चकती ओढून काढतात. तिच्यात कोरडेपणा तुलनेने कमी, पण पारपटल फुगण्याच्या धोक्यातून तीही सुटलेली नाही. पैलवानाने आणि माग चालवणाऱ्याने डॉक्टरला आपला धंदा आधी सांगावा. डॉक्टरने तो विचारला नाही, तर तेही एक उत्तरच समजावे.

चाळिशीचा मुद्दा तर बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात ढकलला जातो. चाळिशीच्या पुढे डोळ्यातले नैसर्गिक भिंग कडक होते आणि जवळचे दिसेनासे होते. लेसर यावर काही करत नाही. आता उणे अडीच नंबरचा वहिफणी कामगार घ्या. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याच्या बरोबरीचे लोक जवळचा चष्मा शोधत असतात, तेव्हा हा आपला दूरचा चष्मा कपाळावर सरकवतो आणि उघड्या डोळ्यांनी सुताचे टोक फणीतून ओढतो. त्याचा नंबर हे त्याच्या कामाचे हत्यार आहे. ते लेसरने घालवले, तर दूरचा चष्मा जाईल आणि जवळचा येईल. कांड्या भरणारी, शिवणकाम करणारी, सोने-चांदी घडवणारी माणसे याच हिशेबात येतात. अडतीस-चाळीस वर्षांच्या माणसाला हे स्पष्ट न सांगता शस्त्रक्रिया करणे ही फसवणूक आहे, मग शस्त्रक्रिया कितीही बिनचूक झालेली असो.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी वेगळाच पेच आहे. नोकरीसाठी म्हणून लेसर करून घ्यायचे आणि नेमक्या त्याच कारणाने वैद्यकीय चाचणीत बाद व्हायचे, असे घडू शकते. रेल्वेत सहायक लोको पायलट होऊ पाहणाऱ्यांना भरतीच्या जाहिरातीतच बजावलेले असते, की लॅसिक किंवा नंबर घालवण्याची अन्य शस्त्रक्रिया झालेले उमेदवार या पदाला अपात्र आहेत. सैन्यदलांतील काही अधिकारी-प्रवेशांना ती चालते, पण अटींवर: शस्त्रक्रियेच्या वेळी वय किमान वीस, नंतर ठरावीक महिने उलटलेले, उरलेली जाडी ठरावीक मापाच्या वर, दृष्टिपटल निर्दोष. पदापदाचे नियम वेगळे असतात आणि ते बदलतातही. तेव्हा ज्या पदासाठी अर्ज करायचा, त्याची चालू जाहिरात आधी वाचावी, मग दवाखान्याची पायरी चढावी. क्लासच्या वरच्या बॅचमधल्या मुलाचे ऐकून डोळ्यावर लेसर मारून घेऊ नये.

मुलींच्या बाबतीत घाई दुसऱ्याच टोकाकडून येते. स्थळ पाहायला यायच्या आत ‘तेवढा चष्मा घालवून घेऊ’ असे घरात ठरते. वय एकोणीस-वीस, नंबर अजून वाढतोच आहे. नंबर किमान वर्षभर स्थिर हवा, त्यात अर्ध्याहून जास्त फरक नको, ही मूलभूत अट. ती पाळली नाही, तर दोन वर्षांनी चष्मा परत लागतो आणि आता पारपटलही पातळ झालेले असते. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना डोळ्याचा नंबर हलू शकतो, म्हणून त्या काळातही ही शस्त्रक्रिया टाळतात. या घाईत मुलीच्या डोळ्यांचा विचार सर्वांत शेवटी होतो. चष्म्यावरून स्थळ मोडणाऱ्या घराचा इलाज नेत्रतज्ज्ञाकडे नाही.

चष्मा नको आणि लेसरही नको, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्सकडे वळणाऱ्यांनी त्यालाही धोका असल्याचे लक्षात घ्यावे. लेन्स घालूनच झोपणे, नळाच्या पाण्याने धुणे, तुसाच्या हाताने बसवणे यांतून पारपटलाला जंतुसंसर्ग होऊन कायमचा डाग पडू शकतो. अशा बेफिकिरीने वर्षानुवर्षे लेन्स वापरणाऱ्यापेक्षा नीट तपासून केलेले लेसर कदाचित सुरक्षितही ठरेल. चष्मा मात्र या सगळ्यांत निरुपद्रवी आहे, आणि उलट धुळीपासून थोडाफार आडोसाही देतो.

खर्चाचे सांगायचे तर आरोग्य विम्यावर भिस्त ठेवून चालत नाही. साडेसात डायॉप्टरच्या आतला नंबर घालवण्याचा खर्च विमा कंपन्यांना वगळता येतो, तशी प्रमाणित तरतूदच आहे. पैसे खिशातून जातात, बऱ्याचदा हप्त्यांवर. आणि ज्याने आगाऊ रक्कम भरली आहे, त्याला तपासणीनंतर ‘तुमचा डोळा यासाठी योग्य नाही’ असे सांगणे दवाखान्यालाही जड जाते. तपासणीचे आणि शस्त्रक्रियेचे पैसे वेगळे असावेत आणि नकाशा पाहिल्यावरच तारीख ठरावी, एवढी साधी शिस्त येथील दवाखान्यांनी स्वतःहून पाळायला हवी. संमतिपत्र मराठीत हवे आणि ते टेबलावर झोपण्याच्या दहा मिनिटे आधी नव्हे, तर आदल्या भेटीतच घरी नेऊन वाचण्यासाठी हाती पडायला हवे. रुग्णाला पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती ही संमती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे. किती जणांना परत पाठवले, हा प्रश्न रुग्णाने बेधडक विचारावा. कुणालाच परत न पाठवणाऱ्या ठिकाणी गाळणी नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

विचार करून, तपासून, डोळा योग्य ठरून ज्यांनी शस्त्रक्रिया केली, त्यांच्यासाठी एक काम उरते, आणि ते डॉक्टरही अनेकदा सांगायला विसरतात. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, पारपटलाचा बाक, जाडी, नकाशे आणि नेमका किती थर काढला, याचे कागद मागून घ्यायचे. तीस वर्षांनी मोतीबिंदू होईल, तेव्हा आत बसवायच्या भिंगाचे माप नेहमीच्या सूत्राने काढले तर चुकते. तेव्हा हे जुने आकडे फार कामाचे ठरतात. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजतानाही पातळ पारपटलामुळे तो खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून पुढच्या प्रत्येक डॉक्टरला लेसर झाल्याचे सांगावे लागते. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरवर दाखल रुग्णाच्या नोंदी तीनच वर्षे जपून ठेवण्याचे बंधन आहे, आणि रुग्णाने मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. तीन वर्षांनी दवाखान्यात काही सापडेल याचा भरवसा नाही. घरी शेताचा सातबारा आणि मुलांचे दाखले ज्या फायलीत असतात, तिच्यात या कागदांची एक प्रत ठेवावी, आणि दुसरी घरातल्या धाकट्याच्या हाती द्यावी.